फूल दाबून धरायचं असतं

ज्या चाचणीत बायकांनी चुकावं अशी माझ्या सुनेची मनापासून इच्छा होती, त्या चाचणीत मी चार बायकांना पैकीच्या पैकी मार्क मिळवून दिले. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला घरचं माणूस म्हणून हातभार लावला.

थांबा, नीट पहिल्यापासून सांगते. मधूनच सुरू केलं की आमचे हे पाणी प्यायला म्हणून उठतात आणि परत येत नाहीत.

आम्ही बोईसरला राहतो. मूळ साताऱ्याकडचे, पण यांची नोकरी तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, म्हणून लग्नानंतर ट्रंक घेऊन जी इथे उतरले ती इथलीच झाले. हे आता रिटायर आहेत, म्हणजे दिवसभर घरात असतात आणि माझ्या कामात सुधारणा सुचवतात. मुलगा वापीला नोकरीला. सकाळी जातो तो रात्री उगवतो, त्यामुळे या गोष्टीत त्याचा काही संबंध नाही. (कुठल्याच गोष्टीत नसतो. पण तो विषय वेगळा.) आणि त्याची बायको मृणाल, माझी सून, ती मुंबईच्या एका लहानशा कंपनीचं काम घरी बसून करते.

काम काय करते हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. कुणी विचारलं की "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगून मी विषय संपवायची. मग एकदा तिनेच समजावलं. मोबाईलवरची ॲप दुसरेच कुणीतरी बनवतात. मृणाल ते ॲप साध्यासुध्या माणसांच्या हातात देते आणि त्यांना ते जमतंय का, कुठे अडतंय, हे शेजारी बसून बघते.

"म्हणजे लोक मोबाईलकडे बघतात आणि तू लोकांकडे बघतेस?" मी विचारलं.

अगदी बरोबर, आई, असं म्हणाली. याला पगार मिळतो हे ऐकून मला जरा वाईटच वाटलं, कारण गॅलरीत उभी राहून हेच काम मी आयुष्यभर फुकट केलंय.

तर तिच्या कंपनीने एक ॲप काढायला घेतलं होतं, हौशी माणसांसाठी. आता हौशी माणूस म्हणजे कोण, तर मी. माझ्या पलंगाखाली एक अर्धी गोधडी आहे. कपाटात एक तोरण आहे, तिसऱ्या फुलावर थांबलेलं. एक लोकरीचा स्वेटर आहे, तो ज्या बाळासाठी घेतला होता ते बाळ आता कॉलेजला जातं. अशा माणसाला शिस्त लागावी म्हणून हे ॲप. प्रत्येक कामाचा एक कप्पा, त्यात त्याचा फोटो, सामान काय काय लागणार, काम कुठवर आलं, सगळं टिपून ठेवायचं. कल्पना चांगली होती. भानगड होती ती फुलाची.

मृणालच्या वरती एक निनाद सर आहेत. वयाने तिच्याएवढेच, पण सर. त्यांनी त्या ॲपच्या खालच्या कोपऱ्यात एक फूल बसवलं होतं. अक्षर नाही, काही नाही, नुसतं फूल. त्याला बोट लावलं तर ते जरासं थरथरायचं आणि गप्प व्हायचं. दाबून धरलं तर मात्र त्याच्या पाकळ्या उघडायच्या, आणि एकेका पाकळीवर एकेक चित्र: लोकरीचा गुंडा, कॅमेरा, घड्याळ वगैरे. सगळं काम त्या फुलातून करायचं. सरांचा त्या फुलावर फार जीव. मृणालचं म्हणणं, हे फूल दाबून धरायचं असतं हे कुणाच्या बापाला कळणार नाही. (ती इंग्रजीत सभ्यपणे म्हणाली असणार, मी मथितार्थ सांगतेय.) तिने स्वतः एक साधं, सरळ अक्षरांचं पान तयार केलं होतं, कित्येक संध्याकाळी बसून. सर ते उघडून बघायलाही तयार नव्हते. शेवटी सगळ्यांसमोर पैज लागल्यासारखं झालं. चार साध्या बायकांना बोलवायचं, त्यांच्या हातात ॲप द्यायचं. त्यांना फूल उघडता आलं नाही तर फूल जाईल आणि मृणालचं पान येईल. उघडता आलं तर मृणालने पुन्हा म्हणून तो विषय काढायचा नाही.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ज्यांच्यावर चाचणी घ्यायची त्यांना आपल्याला काय हवंय ते सांगायचं नाही, असा तिच्या कामाचा नियम आहे, आणि बायका माझ्याच ओळखीतल्या घ्यायच्या होत्या म्हणून तिने मलाही सांगितलं नाही. तुम्हाला मी आधीच सांगून टाकलंय, म्हणजे पुढे मी जे काही केलं ते वाचताना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. त्याची मला सवय आहे.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात तिने रंगीत तालीम म्हणून मला बसवलं. म्हणाली, समजा तुम्हाला एक नवीन तोरण करायला घ्यायचंय, तर ॲपमध्ये कुठून सुरुवात कराल? मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, अडलं तर अडू द्या, परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही.

मी सुरुवात केली. आधी वरचं नाव दाबलं. मग बाजूच्या रेघा दाबल्या. मग एक चौकोन दाबला आणि माझ्याच नाकपुड्यांचा फोटो निघाला. मनात येईल ते बोलायचं होतं, म्हणून बोलत होते, "हे काय झालं, बाई. मी कुठे आले. आता घरी कशी जाऊ." आणि मृणाल? मी जितकी चुकत होते तितका तिचा चेहरा खुलत होता. "छान, आई. खूप छान." मला भरून आलं. म्हटलं, काय पोर आहे. सासू एवढी ढ निघाली तरी तोंडावर दाखवत नाही. याला म्हणतात संस्कार.

पण मनात काळजी लागली. आमच्यात बुद्धीची ही अवस्था, आणि शनिवारी सर स्वतः मुंबईहून लॅपटॉपवर बघणार. सरांना काय दिसणार? आमच्या बोईसरच्या बायका चुकताना दिसणार, एकीपाठोपाठ एक. आणि नाव कुणाचं जाणार? माझ्या सुनेचं.

परीक्षा ॲपची, आपली नाही, हे मला चांगलं कळलं होतं हो. पण आमच्या इकडे चाचणीची एक रीत आहे, ती तुम्ही समजून घ्या. यांच्या कारखान्यात मॉक ड्रिल असायची. म्हणजे समजा गॅस सुटला तर लोकांना पळता येतं का, याची चाचणी. ती उद्या अमुक वाजता आहे हे आदल्या दिवशी सगळ्यांना माहीत. साहेब लोक घड्याळ घेऊन बाहेर उभे. भोंगा वाजायच्या आधीच निम्मे लोक जेवणाचे डबे घेऊन मैदानात सावली धरून बसलेले. साहेब खूश, लोक खूश, वरच्या ऑफिसला कागद जायचा की सगळं उत्तम. माझं सगळं आयुष्य या भोंग्याच्या आवाजात गेलंय. चाचणी आहे म्हटल्यावर माणसांना आधी सांगून ठेवायचं नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तो तर सरळ सरळ विश्वासघात झाला!

मृणालने ते ॲप माझ्या मोबाईलवर राहू दिलं होतं. म्हणाली होती, हवं तर खेळत बसा, पण कुणाला दाखवू नका. कुणाला म्हणजे परक्यांना, असं मी धरून चालले.

आणि ते फूल मला सापडलं कसं, तर झोपेत. दुपारी ॲप उघडून बसले असताना डुलकी लागली, अंगठा कोपऱ्यात तसाच राहिला. जाग आली तेव्हा पाकळ्या उघडलेल्या. मग जागेपणी तेच करून पाहायला मला संध्याकाळ झाली. पण एकदा जमलं आणि मी ठरवलं, आता माघार नाही. मी क्लास काढला.

पहिल्या विद्यार्थिनी तळमजल्यावरच्या नलिनीताई. विणकामात हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्यांना ठाऊक. त्यांना एकच दुपार पुरली, पण त्या दुपारभर "मला येत होतंच, तुम्ही बोललात म्हणून थांबले" हे ऐकावं लागलं. दुसऱ्या सुमनताई, ब्लाऊज शिवतात, त्यावर सुंदर भरतकाम करतात आणि बोलत अजिबात नाहीत. त्यांच्या नवऱ्यालाही त्यांचा आवाज सणावारी ऐकू येतो. इथे तर मनात येईल ते मोठ्याने बोलायचं होतं. मी विचारलं, तुमच्या मनात काय येतं? त्या खूप वेळ विचार करून म्हणाल्या, "काही नाही."

मग मी काय केलं, मृणालने तालमीत विचारलेले प्रश्न त्याच क्रमाने घेतले आणि प्रत्येकाला मनात काय यावं तेच ठरवून दिलं. फूल दिसलं की म्हणायचं, "अगं बाई, हे फूल कसलं? दाबून धरून बघू का?" ते उघडलं की, "अय्या, उघडलं की!" लोकरीचा गुंडा दिसला की, "हे म्हणजे सामान असणार, किती सोपं आहे." सुमनताईंनी ते कवितेसारखं पाठ केलं. मग एकीला एक आणि दुसरीला दुसरं नको, म्हणून तेच मी सगळ्यांना दिलं.

तिसऱ्या समोरच्या बिल्डिंगमधल्या दुबे भाभी. मेंदी काढतात, आणि इतक्या सराईत हाताने, की लग्नसराईत त्यांना बोईसरभर मागणी. त्यांना मराठी समजतं सगळं, बोलतात हिंदीत. पाठांतराला माझ्यापेक्षा सरस निघाल्या. मी प्रश्न विचारायच्या आत उत्तर द्यायच्या. मी म्हटलं, भाभी, जरा दम धरा. तर म्हणाल्या, "दीदी, टाइम किसके पास है?"

आणि चौथी चंद्राबाय. जवळच्या मुरबे गावची कोळीण. मासळीची पाटी घेऊन आमच्या सोसायटीत येते, आणि फावल्या वेळात मण्यांची तोरणं करते, हळदीला, लग्नाला, अशी की बघत राहावं. तिचा क्लास फाटकापाशीच, पाटी उतरवून. पण तिच्या बोटांना फूल दाद देईना. दाबून धरून धरून ती कंटाळली. मला वाटलं बाईला जमत नाही. मग लक्षात आलं, हात ओले आहेत. मी पदराने तिची बोटं पुसली, तेव्हा कुठे पाकळ्या उघडल्या. माझ्या पदराला दोन दिवस बोंबलाचा वास येत होता, आणि हे पलीकडच्या खुर्चीत बसून जेवत होते. पण शिक्षण म्हटलं की त्याग आलाच.

शनिवार उजाडला. मृणालने हॉलमध्ये टेबल मांडलं, मोबाईल स्टँडला लावला, त्यावर कॅमेरा, शेजारी लॅपटॉप, त्यात निनाद सरांचा चेहरा. मला सांगितलं, आई, तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही. मी म्हटलं, येत नाही. माझं काम झालेलं होतं. मी पोहे करायला घेतले आणि कान हॉलमध्ये ठेवले.

नलिनीताई बसल्या. मृणालने विचारलं, समजा तुम्हाला नवीन स्वेटर करायला घ्यायचाय. "अगं बाई, हे फूल कसलं?" नलिनीताई म्हणाल्या. "दाबून धरून बघू का?" आणि धरलं. लॅपटॉपमधून सरांचा आवाज आला, वा! मी कढईवर झाकण ठेवलं आणि दाराच्या फटीतून मृणालचा चेहरा बघितला. तो काही खुलला नव्हता. मला वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही पोरीच्या.

सुमनताई बसल्या. सगळं पाठ धडाधड म्हणून मोकळ्या झाल्या, श्वाससुद्धा न घेता. "अय्या" हा शब्द इतक्या गंभीरपणे कुणी म्हटलेला मी आजवर ऐकला नाही. सर म्हणाले, बघ मृणाल. मृणालने काही बघितलं नाही, ती नुसती टेबलाकडे बघत होती.

दुबे भाभींनी कमाल केली. मृणालने पहिला प्रश्न अर्धा विचारला तोच त्यांनी "अरे, ये फूल कैसा है, दबाके देखूँ क्या" म्हणत फूल उघडलं, लोकरीचा गुंडा दाबला, कॅमेरा दाबला, घड्याळ दाबलं आणि न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं देऊन उठल्या. घरी डाळ लावून आल्या होत्या. सर एवढे खूश, म्हणाले, मला पुरेसं झालं, चौथी बघायची गरजच नाही, फूल राहील. आणि लॅपटॉपमधून निघून गेले.

चंद्राबाय त्यानंतर आली. पाटी खाली ठेवून, हात स्वतःहून साबणाने धुऊन, कोरडे करून बसली. मृणालने बोलावलं होतं म्हणून बसवलं, पण तिचं लक्ष नव्हतं. आवाज बसलेला. आणि लक्ष नव्हतं म्हणूनच असेल, तिने पहिला प्रश्न सोडून एकदम फोटोचा प्रश्न विचारला.

चंद्राबाय समजावणीच्या सुरात म्हणाली, "ह्यो सवाल मागचा हाय, बाय. आदी लोकरीचा ईचार."

मी मिक्सर लावला. मिक्सरमध्ये काही नव्हतं, तरी लावला.

"आई," मृणालची हाक आली, "बाहेर या."

मी आले. हातात कोथिंबीर घेऊन आले, म्हणजे मी कामात होते असं दिसावं. मृणालने मला विचारलं नाही की तुम्ही शिकवलंत का. तेवढं तिला कळलं होतं. तिघी जणींच्या मनात एकाच जागी एकच वाक्य कसं येतं, हे बहुधा ती तेव्हाच जुळवत होती. तिने ओरडावं असं मला वाटत होतं. ती ओरडलीही नाही. फुलाचं, पैजेचं, सगळं तिने सांगितलं. मग लॅपटॉपवर तिचं पान उघडून दाखवलं. पांढरं, स्वच्छ. मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी: नवीन काम, सामान, कुठवर आलं. मला चष्म्याशिवाय वाचता आलं.

"आई, त्यांना मी चुकायलाच बोलावलं होतं," ती म्हणाली. "त्या जिथे अडल्या असत्या ती जागा मला सरांना दाखवायची होती. आता मी काय दाखवू?"

माझ्याकडे दाखवायला फक्त कोथिंबीर होती. चंद्राबाय आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी तिने विचारलं, "मंग मी पास की नाय?"

त्या दिवशी पोहे कुणी खाल्ले नाहीत. (हे सोडून. हे दोनदा घेऊन म्हणाले, मीठ बरोबर आहे.) दुपारी मी यांना म्हटलं, माझं काय चुकलं, तुमच्या कारखान्यात नाही का भोंग्याच्या आधी सांगायचे? तर हे नेहमी करतात तशी सुधारणा न सुचवता शांतपणे म्हणाले, "सांगायचे. आणि एकदा खरंच वास सुटला, भोंगा न सांगता वाजला, तेव्हा आम्ही सगळे बंद असलेल्या गेटाकडे धावलो." इतक्या वर्षांत हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं. मी घाबरेन म्हणून.

मला ते लागलं. म्हटलं, केलं आपण, निस्तरायचंही आपणच. संध्याकाळी चपला घातल्या आणि चौघींकडे निघाले. माझा बेत साधा होता: चाचणी पुन्हा घ्यायला लावू, आणि या वेळी सगळ्यांनी चुकायचं.

तुम्हाला सांगते, बायकांना पास करणं फार सोपं आहे. पास झालेल्या बाईला नापास व्हायला सांगून बघा.

नलिनीताईंनी तर मला दारातच उभं केलं. त्यांनी पुण्याच्या मुलीला सांगून झालं होतं, की मुंबईच्या सरांनी मला वा म्हटलं. आता त्या सरांसमोर मी बावळटासारखी चुकू? तेही तुमच्यासाठी? सुमनताईंनी मान हलवली, आडवी. दुबे भाभींनी चहा दिला, खारी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दीदी, जान माँग लो. फेल मत करवाओ." चंद्राबायने तर आपण पास झालो असं धरून मुरब्यात बंदरावर सगळ्यांना सांगितलं होतं. तिची नणंद जळून खाक झाली होती म्हणे. "आता मी नापास झाली तर ती बाय मला जगू देल का?"

घरी येऊन मी नेटाने यांना म्हटलं, पटवीन मी त्यांना, कुठे कसं चुकायचं ते शिकवीन. हे म्हणाले, "म्हणजे आता चुकण्याचा क्लास?" तेव्हा मला कळलं, मी पुन्हा तेच करायला निघाले होते.

सोमवारी मृणालची सरांबरोबर मीटिंग होती. ती सुरू झाली आणि मी पदर सारखा करून तिच्या शेजारी जाऊन बसले. ती दचकली. सर म्हणाले, नमस्कार काकू. मुलगा सभ्य होता. मी त्याला सगळं सांगितलं. क्लास, पाठांतर, ओले हात, सगळं. मृणालने कपाळावर हात ठेवला होता, पण मला थांबवलं नाही.

सर हसले. खूप हसले. आणि मग म्हणाले, "पण काकू, तुम्ही शिकवलंत आणि त्यांना आलं. म्हणजे फूल अवघड नाहीच."

मला राग आला. माझा मलाच आला होता दोन दिवस, त्यातला थोडा मी त्याला दिला.

"अहो सर," मी म्हटलं, "मला ते झोपेत सापडलं. जागेपणी उघडायला संध्याकाळ झाली. मग एकेका बाईला एकेक दुपार गेली, आणि चंद्राबायची तर बोटं पुसावी लागली. तुम्ही हे ॲप दुकानात ठेवणार, तर प्रत्येक फोनबरोबर मला पाठवणार आहात का?"

लॅपटॉपमधला चेहरा हलेना. मला वाटलं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं.

सर म्हणाले, ठीक आहे, पुन्हा घेऊ. पण एक अट: बायका अशा हव्यात, की ज्यांना काकू आयुष्यात भेटलेल्या नाहीत.

आता ही अट ऐकायला सोपी आहे. मृणालने आधी बोईसरात शोधलं. ब्युटी पार्लरवाली माझ्या भिशीत. लायब्ररीतल्या बाईंना मी गोधडी दिलेली. पालघरला तिची एक मैत्रीण होती, तिची आई निघाली माझ्या हळदीकुंकवाची. शेवटी केळव्याला, वाडीत पर्यटकांना घरगुती जेवण देणाऱ्या काही बायका सापडल्या, शिंपल्यांच्या वस्तू करणाऱ्या, माझं नावही न ऐकलेल्या. मृणाल तिकडे निघाली. मलाही नेलं, कारण घरी एकटी ठेवायला तिला भीती वाटत होती. माझा मोबाईल तिने काढून घेतला, यांना सोबत घेऊन माझ्यावर पहाऱ्याला बसवलं आणि आम्हा दोघांना समुद्रावर सुरूच्या सावलीत शहाळी देऊन सोडलं. वाटेने एक बाई जात होती, मी फक्त "कुठल्या तुम्ही?" एवढंच विचारलं, तर हे म्हणाले, "अगं, तोंड मिट. ती चाचणीला चालली असेल."

ऊन कलल्यावर मृणाल वाळूतून येताना दिसली. चप्पल हातात, आणि चेहरा असा, की तिच्या लग्नातसुद्धा मी तो तसा बघितला नव्हता. लांबूनच म्हणाली, "आई, एकीलाही आलं नाही!" एकीने फुलाला नमस्कार करून मोबाईल परत दिला होता. दुसरीला वाटलं स्क्रीनवर काहीतरी सांडलंय, तिने पदराने पुसलं. सरांनी सगळं बघितलं, आणि शेवटी स्वतःच म्हणाले, बास कर मृणाल, तुझं पान उघड. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अनोळखी बायका नापास झाल्याचा एवढा आनंद मला होईल असं कधी वाटलं नव्हतं.

फूल गेलं. मृणालचं पान आलं. पांढरं, स्वच्छ, मोठी अक्षरं. सरांनी आठवण ठेवून निरोप पाठवला, की नवीन ॲप सगळ्यात आधी काकूंच्या मैत्रिणींना द्या, त्यांच्यामुळे झालं. मृणालने चौघींना आमच्या हॉलमध्ये बोलावलं. सगळ्या नटूनथटून आल्या. चंद्राबाय पाटी घरी ठेवून आली. मृणालने एकेकीच्या मोबाईलवर ते घातलं आणि म्हणाली, आता मी काही सांगणार नाही, सांगायची गरजच नाही, समोर लिहिलेलं आहे.

समोर लिहिलेलं होतंच. पण वाचलं कुणी नाही. सगळ्यांचे अंगठे खालच्या कोपऱ्यात गेले आणि दाबून बसले. रिकाम्या पांढऱ्या जागेवर, सगळ्या वाट बघतायत. सुमनताई हळूच "अगं बाई" म्हणाल्या. मग नलिनीताईंनी मान वर करून माझ्याकडे जाब विचारल्यासारखं बघितलं. "वहिनी, फूल कुठे गेलं?"

हल्ली ते ॲप म्हणे लांब लांब लोक वापरतात, आणि कुणालाही शिकवावं लागत नाही. अपवाद फक्त आम्ही पाच जणी. आमच्यासाठी मृणालला दुपारी क्लास घ्यावा लागतो. चौघी शिकून पुढे गेल्या. मला ती बाकड्यावर मागे बसवते, आणि अंगठा कोपऱ्यात जाऊ नये म्हणून वर धरून ठेवायला सांगते.